काकांची दणकट केबल

डिशची केबल कशी निवडावी, ते आमच्या काकांना विचारा. जावई बघतानाही एवढी चौकशी केली नव्हती त्यांनी! दुकानदारानं पांढरी केबल दाखवली, तर म्हणाले, "ही घरातली. सोलापूरच्या उन्हात तडकंल. बाहेरची काळी काढ." ती ओढून, वाकवून पाहिली, गच्चीवर ताणून बांधून घेतली आणि घरात जाहीर केलं, "उन्हापावसात हिला काय बी होत न्हाय!"

ऐन मॅचमध्ये टीव्ही गेला. गच्चीवर जाऊन बघतो, तर केबलवर काकूंच्या चार ओल्या चादरी आणि केबल डिशमधून उपटलेली.

काका भडकले. काकू म्हणाल्या, "तुमीच म्हणाला की, काय बी होत न्हाय!"

काल काकांनी आणखी जाड केबल आणली. काकूंनी ती हातानं ओढून पाहिली आणि विचारलं, "ही किती चादरींची हाय?"