नावासकट

अमरावतीच्या दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीत चिठ्ठी देऊन नगमा बाकावर येऊन बसली. शेजारी दोन बाया बोलत होत्या.

"तुहा कुंदन तं सुधरला होता ना वं?"

"होता. मंग पेपरात एका बाईचं आलं. मन कसं मरून गेलतं, न्हाणीत बसून कशी रडे, सारं लिवलं तिनं. नगमा परवीन. नावासकट."

"लाजली नाई?"

"नाई. मीच वाचून दाखवलं त्याले. शेवटी होतं, आता मी बरी आहे. हा म्हणे, आई, मी बी झालो बरा. अन् गोळ्या सोडल्या."

"गोळ्या सोडा म्हणून लिवलं होतं का तिनं?"

"गोळ्याचं नावच नव्हतं त्यात."

"मंग?"

"मंग का. वार्डात हाय. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. आठ दिवस झाले, बोलला नाई."

"ते बाई घेत असंल वं अजून गोळ्या."

"घेत असती तं लिवलं असतं. न्हाणीतलं रडणं सांगतलं, गोळ्या कायले लपवंल?"

खिडकीतून आवाज आला, "नगमा परवीन."

दोघी बाया चमकून इकडंतिकडं पाहू लागल्या.

"नगमा परवीन कोण आहे?"

नगमानंही मागं वळून पाहिलं.