अण्णा खरवड्यांनी वाटून टाकलेल्या चुका

या मंडळी, पुढे सरका. पुढची सतरंजी रिकामी आणि तुम्ही मागे खांबाला टेकून – एसटीची वाट बघताय की काय? या, अगदी जवळ या. आज देवादिकांची कथा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कचेरीची गोष्ट सांगणार आहे, आणि छाती पुढे काढून सांगणार आहे! पण आधी एक प्रश्न. दुसऱ्याची चूक शोधणारा मोठा, की दुसऱ्याच्या हातून चूक होऊच न देणारा मोठा?

लगेच मान डोलावू नका. आधी ऐका.

कचेरी जिल्हा परिषदेची, विभाग वित्त. जिल्ह्यातले शिक्षक, शिपाई, ग्रामसेवक निवृत्त झाले की त्यांच्या पेन्शनची फाईल इथे तपासायला येते. आणि तपासायला बसलेले कोण? अण्णा खरवडे. वरिष्ठ सहायक, नोकरी एकतीस वर्षं. नजर अशी, की फाईलची दोरी सुटायच्या आत चूक सापडायची! नावात काना कमी, जन्मतारखेत खाडाखोड, नवरा-बायकोचा जोडफोटो तीन प्रतींऐवजी एकच. चूक सापडली की शेरा मारायचा, फाईल तालुक्याला परत.

पण एका वेळी एकच चूक काढायची! बाकीच्या दिसल्या तरी बोलायचं नाही. का? तर त्या कचेरीची रीतच तशी. परत पाठवलेली फाईल महिन्याच्या अहवालात ‘निकाली’ म्हणून धरायचे. मग एक फाईल पाच वेळा परत गेली, की पाच कामं निकाली! मंडळी, हसताय काय? आपणही एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन ताटं खातो आणि उपास एकच धरतो ना? हिशेब आपल्या सोयीनंच होतो.

या कचेरीत बदलून आल्या वत्सला डोईफोडे. कनिष्ठ लेखा सहायक, बाई मितभाषी. पहिल्याच महिन्यात त्यांना एक म्हातारा दिसला. धोंडिबा गवारे, डोंगराकडच्या शाळेतला निवृत्त शिपाई. दोन गाड्या बदलून यायचा, दाराशी चपला काढायचा. कचेरीत! देवळात आल्यासारखा. अकरा महिन्यांत त्याची फाईल पाच वेळा परत गेलेली.

बाईंनी काय केलं? भाषण दिलं? तक्रार केली? छे! त्यांनी त्या फाईलचं बोट धरलं आणि तिच्याबरोबर टेबलाटेबलावर फिरल्या. कुठे किती वेळ खरं काम झालं, कुठे नुसती पडून राहिली, सगळं वहीत टिपलं. शेवटी बेरीज केली. खरं काम किती, सांगा बरं? चाळीस मिनिटं! अकरा महिन्यांतली चाळीस मिनिटं काम, आणि बाकी सगळी झोप. कुंभकर्णसुद्धा सहा महिन्यांनी उठतो हो!

वही घेऊन बाई अण्णांपाशी गेल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, तुम्हाला साऱ्या चुका पाठ आहेत, त्या मला सांगा, मी यादी करते. यादी भिंतीवर लागेल, तालुक्यालाही जाईल. फाईल निघतानाच नीट निघेल.

अण्णांचा चेहरा उतरला. राग नव्हता, मंडळी. भीती होती. ते हळूच म्हणाले, “बाई, एकतीस वर्षांत मी एवढंच कमावलंय. ते भिंतीवर टांगलं तर माझ्यापाशी काय उरेल?”



तेवढ्यात धोंडिबा सहाव्यांदा आला. बाईंनी त्याला अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. म्हातारा बसला, दम लागलेला, खोकला थांबेना. मग म्हणाला, “सायेब, चूक माजीच आसंल. पर जेवढ्या हायेत तेवढ्या आज सांगा. माज्या छातीचा काय भरवसा न्हाई. मी हाय तवर माज्या कारभारनीचं, रखमाचं नाव पेन्शनीला लागू द्या. ती आंगठाबहाद्दर. तिला ह्ये हेलपाटं झेपायचं न्हाईत.”

अण्णांनी फाईल उघडली. अजून चार चुका होत्या. आणि ऐका हं – त्या चारही त्यांना अकरा महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या!

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “डोईफोडेबाई, कागद घ्या. लिहा. आधी यांच्या चार. मग बाकीच्या सगळ्या.”

बोला, विठ्ठल विठ्ठल!

सव्वीस चुका निघाल्या. यादी भिंतीवर लागली. परत गेलेली फाईल ‘निकाली’ धरणं कचेरीच्या साहेबांनी बंद केलं. काम तिथे थांबलं का? नाही! दर सोमवारी सगळे उभ्या उभ्या एकाच गोष्टीवर बोलायचे: मागच्या आठवड्यात काम कुठे अडलं? त्यातली एकच अडचण त्या आठवड्यात दूर करायची. कधी शिक्का वरच्या मजल्यावरून खाली आणला. कधी दोन सह्यांची एक केली. एकदा फाईलींना रंगीत चिठ्ठ्या लावल्या, तर कुणालाच रंग आठवेनात – सोमवारी काढून टाकल्या! लाज कसली त्यात? पेटीवाल्याचा सूर चुकला तर तो पेटी फेकून देतो का? बोट सरकवतो, पुढे जातो.

वर्षभरात अकरा महिन्यांचं काम एकोणीस दिवसांवर आलं. सरकारनं जादा पैसा दिला नाही, जादा माणूस दिला नाही. तीच माणसं, तीच टेबलं! मला या माणसांचा अभिमान वाटतो, मंडळी. हीसुद्धा पूजाच.

आणि धोंडिबा? त्याचा आदेश निघाला, त्यात रखमाबाईचं नाव लागलं. तो कागद अण्णा स्वतः दारापर्यंत घेऊन गेले. पुढे अण्णा निवृत्त झाले, तेव्हा तालुक्यातालुक्यांतून त्यांना फोन येत होते – अण्णा, ही सत्ताविसावी चूक सापडली, यादीत घालू का? काय उरेल म्हणणाऱ्या माणसाकडे अख्खा जिल्हा विचारायला येत होता!

आता तुमच्याकडे वळतो. सुनेची भाकरी करपेपर्यंत गप्प बसून मग बोलणाऱ्या सासूबाई, तुम्ही. मुलाचं गणित चुकताना बघत राहणारे मास्तर, तुम्ही. आणि मीसुद्धा, या मृदंगवाल्याला ठेका कार्यक्रमानंतर समजावणारा. आपल्याला दिसतं, पण आपण आधी सांगत नाही. सांगितलं तर आपलं मोठेपण कमी होईल, असं वाटतं.

उद्या कुणी तुमच्यासमोर येऊन उभा राहील आणि त्याची चूक तुम्हाला दिसेल. ओठ मिटायच्या आधी, मंडळी, अण्णा खरवड्यांची आठवण काढा.