खुर्ची रिकामी दिसता कामा नये

नाही, नाही, मी ती नव्हे — दिसतंयच म्हणा तुम्हाला, तिचे केस काळे, माझे पांढरे — मी तिची सासू. ती खाली गेलीय, आत्ता येईल. परीक्षा बंद करू नका. खुर्ची रिकामी दिसली की कॉलेजचं पोर्टल पेपर आपोआप बंद करतं, असं तीच म्हणाली होती, म्हणून मी येऊन बसले. कशाला हात लावलेला नाही. हे बघा, दोन्ही हात वर. आणि लावून तरी काय, मला कुठली यायला उत्तरं? तुम्ही कॅमेऱ्यातून बघताय ना? सर म्हणू की मॅडम? बरं, सरच म्हणते. इतके गप्प तर आमचे हेसुद्धा नसायचे, आणि ते म्हणजे घराला आग लागली तरी वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत.

कॉपीबिपी काही नाही हो. का उठली ते सांगते — जरा हळू बोलते, चालेल ना — माझा मुलगा आलाय खाली. दुपारचा कधी येत नाही, नेमका आज आला. ती अजून शिकतेय ते त्याला ठाऊक नाही. म्हणजे पहिल्यांदा कळलं होतं, तेव्हा त्यानं लॅपटॉप जिन्यावरून फेकला. हा तिच्या बहिणीचा. माझ्या कपाटात असतो, रजयांच्या खाली. आता ती त्याला वाढायला गेलीय, एकदा जेवायला बसला की वर येत नाही. आणि अभ्यासात कच्ची नाही हं ती, एकही व्याख्यान बुडवलेलं नाही. व्याख्यान चालू असताना ते पोर्टल मधेच विचारतं ना, अजून आहात का म्हणून, तिथं दर वेळी बटण दाबलेलं सापडेल तुम्हाला. ती ओट्याशी असली तर मी दाबते, पण — हे तुम्ही ऐकलं नाहीत. म्हातारीच्या बोलण्याचं काय एवढं. रात्री सगळं परत ऐकते ती, कानात घालून.

हा शेवटचा पेपर, सर. एवढा निघाला की दुसऱ्या गावी प्रयोगशाळेत जागा आहे, रक्त तपासायची, बोलणं झालंय. मग ती जाणार. जाणार म्हणजे — नोकरीला हो. आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही काही त्याला फोन करणार नाही. कायमचीच जाणार. मला म्हणाली, आई, तुम्हीही चला. मी म्हटलं, वेडी का खुळी तू, पोटच्या मुलाला सोडून सुनेबरोबर कुणी जातं का? आणि दुसऱ्या दिवशी माझी बॅग भरली. काय करू? आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? त्याचा आवाज चढला की ती आधी चेहऱ्यावर हात धरते, सर. आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मीच जन्म दिला आणि मलाच त्याची भीती वाटते. फार भीती वाटते.

अगं बाई, पडद्यावरचं उलटं घड्याळ किती खाली आलं. पण आलीच बघा, जिना वाजतोय. आता उठतेच मी, तुम्ही — नाही. तिचं पाऊल एवढं जड नाही. सर, या कोपऱ्यातल्या चौकटीत मी दिसतेय ना, तिथं माझ्यामागे —

कधीपासून उभा आहेस?

बॅगेचंही ऐकलंस? बरं झालं. मला तोंडावर सांगता आलं नसतं. नाही, हे झाकण मी लावणार नाही. आणि तो हात खाली घे. इकडे बघ, कॉलेजचे सर बघतायत तुला, आवाजासकट. पोरी, त्याच्या बाजूनं ये आत. ये, मी उभी आहे ना. बस. वेळ आहे अजून.

तू खाली जा. अन्न निवतंय.