यादीतलं सहावं नाव

नाही दादा, नेट चालतंय — तक्रार लिहिली, कारण त्याशिवाय तुमच्या ऑफिसातून कोणी फिरकत नाही. बसा. राउटरने आत्ता कोणाकोणाला नंबर दिलेत, ती यादी उघडा. मलाही उघडता येते हो, कॉलेजात हेच तर शिकले, रोज सकाळी बघते — आज हात धजावत नाही. नंबर सोडा, ते बदलत राहतात, पुढे यंत्राचं नाव येतं ते वाचा. माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन, बाबांचा, टीव्ही. घरची एवढी पाच. काल सहावं होतं — ‘राजे’. स्वतःच्या फोनला असं नाव देणारा मला एकच माणूस माहीत आहे, माझा नवरा. तीन महिने झाले मी ते घर सोडलं. हाताला काय झालं? त्या घरी दारात सापडला. दार कोणी लावलं ते विचारू नका, आईलाही सांगितलेलं नाही.

पासवर्ड आल्या दिवशीच बदलला होता. मग शिरला कसा? आमच्या बाबांनी दिला. म्हणे, ‘जावई माणूस, फोनवर किती नम्रपणे बोलला, इकडे आलो की रेंज मिळत नाही म्हणाला, नाही कसं म्हणायचं?’ — निवृत्त झाले, पण जग सभ्य आहे हा समज काही निवृत्त होत नाही. अहो बाबा, इकडे आलो की म्हणजे कुठे? हा प्रश्न यांना पडलाच नाही. आपलं वाय-फाय जिन्याच्या पहिल्या वळणावर तुटतं, मी फोन घेऊन उतरून बघितलंय. म्हणजे काल तो दारापासून अकरा पायऱ्यांच्या आत उभा होता, आणि मी इथे कपड्यांच्या घड्या घालत होते.

पुन्हा बदलला का नाही? बदलला तर तो यादीत दिसणार कसा? दिसला नाही म्हणून तो नाही, असं थोडंच आहे. मला दुसरा पहारेकरी कोण आहे — हा एवढा डबा.

वाचा ना. टीव्ही, बरं. आईचा. पुढे? ‘राजे’? — कधी दिलाय नंबर? दोन अठ्ठेचाळीस. आणि आत्ता किती वाजलेत? दोन पन्नास.

दादा, पिशवी भरू नका, जरा थांबा. बेल तुम्हीही ऐकलीत ना? बाबा, उठू नका. बाबा, कडीला हात लावू नका, मी सांगते तुम्हाला सगळं, आधी माझा हात बघा —

‘या, या’ म्हणतायत.