भीती नव्हे, सवय

दवाखान्यात औषधाची वाट पाहत शिंपीणबाई बाकावर टेकली होती. शेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या. लढाईमुळे घरदार सोडून आलेल्या कुटुंबांच्या मनाचा अभ्यास करणारी मुलगी त्यांना प्रश्न विचारत होती. कानांना काही झाकण नसतं, म्हणून शिंपीणबाईला सगळं ऐकू येत होतं.

“आजी, मनात कधी भीती वाटते का?”

“भीती कसली? गोळीबार तिकडे राहिला. इथे आमच्या इमारतीतली ती लिफ्ट सोडली तर घाबरण्यासारखं काही नाही.”

“आई, खरं सांगा ना.”

“मग खोटं काय बोलले? मला वेड्यांत काढू नकोस.”

“कोणी वेडं म्हणत नाहीये, आजी.”

“ताई, मी सांगते. दार वाजलं की आई नातीला कपाटात लपवतात. काल तर दूधवाला होता!”

“ती भीती नाही गं, सवय आहे. त्या सवयीनंच पोर वाचली.”

“वाचली, आई. तुमच्यामुळेच वाचली. पण आता तिला लपवावंच लागतं असं नाही. दार वाजलं की हातातला घास टाकून आपणच कपाटात शिरते.”

“मी बाजारात गेले असले, तरी?”

“तरीसुद्धा.”

सासूबाई अभ्यास करणाऱ्या मुलीकडे वळल्या.

“पोरी, तुझ्या अभ्यासात लहान मुलांचं काही आहे का?”

“आहे ना, आजी. उद्या घरी येऊ?”

“ये. पण दार वाजवू नकोस हं, बाळ. खालूनच हाक मार.”