पहिल्या डिव्हिजनचा नियम

उचलू? हे टेबल उचलू? अहो साहेब, कॉलेजच्या त्या नव्या जॅकेटची घडी अजून मोडली नाही तुमच्या, नि मला सांगताय, मैदानामागच्या पार्किंगमध्ये पालकांनी आता जेवण मांडायचं नाही म्हणून? मला, रॉक्सॅन ह्राबाकला? बरं, ऐकलं. आता जरा बाजूला सरका, सॉसेज करपतायत. – फुटबॉलची मॅच संपली की मुली इथेच येतात, आपल्याही आणि समोरच्या टीमच्याही. मैदानात एकमेकींच्या नडग्या फोडतात आणि इथे एकाच भांड्यातून वाढून घेतात – बटाटा भरलेल्या पिरोगी, कोबी-नूडल्स, सॉसेज. हार्लन क्रीक कॉलेजात हे असंच चालत आलंय. हरलो की लोणी जास्त, हा आमचा नियम. तुमचा कुठला?

हं, पहिली डिव्हिजन! वाटलंच मला, तो मंत्र येणार. सगळ्यात खालच्या, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होतो तेव्हा कुणाला लाज वाटत होती का हो? गेल्या वर्षी त्या डिव्हिजनच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचलो होतो आम्ही – एकाही पोरीला खेळाची शिष्यवृत्ती नाही, सकाळी प्रयोगशाळा, दुपारी सराव, आणि शेवटच्या आठांत! मग आमच्या अध्यक्षसाहेबांना स्वप्न पडलं – वर जायचं, टीव्हीवर दिसायचं. गेले वर. आणि वरचा नियम काय? तर नव्याने आलेल्या कॉलेजने पहिली काही वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत पाऊलच ठेवायचं नाही. म्हणजे जिंकलात तरी घरी! अर्थात ती चिंता देवाने ठेवलीच नाही – आज सात गोल खाल्ले. सात! आणि तो लाउडस्पीकरवाला मधूनमधून ओरडतोय, नव्या युगात आपलं स्वागत असो. कसलं डोंबलाचं युग!

आणि तो नवा कोच, त्याचं तर नावच काढू नका. शिष्यवृत्त्या हातात आल्या मात्र, भरली विमानं – नॉर्वे, जर्मनी, आइसलँड. मुली गुणी आहेत हो, त्यांना मी बोल लावत नाही, पोटभर जेवतात बिचाऱ्या. पण जुन्यांचं काय? माझी टेसा मधल्या फळीत खेळते, सहा नंबर. गेल्या वर्षीची कॅप्टन. – आज? आज नव्हती मैदानात. पाय जरा… नाही, पाय ठीक आहे. बाकावर होती. – बाकावरही नव्हती म्हणता? बरं दिसतं हो तुम्हाला सगळं! नव्हती. झालं समाधान? ऑगस्टमध्ये कोचने बोलावून सांगितलं तिला – तू आता मॅचचं शूटिंग कर, कॅमेरा सांभाळ. शेवटच्या वर्षाला, कॅप्टनला, कॅमेरा! तिने तो त्याच्यापुढे ठेवला आणि निघून आली. बरं केलंस, म्हटलं मी. ती नाही रडली. मी रडले, गाडीत बसून.

मग मी का येते? काय प्रश्न आहे! शनिवारी दुसरं काय करू मी? आणि ह्या पोरींना वाढणार कोण, तुम्ही? ती तुमची आहारतज्ज्ञ पुठ्ठ्याच्या डब्यात गार भात नि ब्रोकोलीचे तुरे देते, जेवण म्हणतात त्याला? टेसाचं म्हणाल तर तिचं वसतिगृह हे काय, समोरच. उतरेल कधीतरी खाली. राग काय जन्मभर राहतो? तिच्यासाठी झाकून ठेवते मी दर वेळी, मग संध्याकाळी घरी नेऊन टाकून देते.

आणि नियम-नियम काय लावलंय मघापासून? गेल्या महिन्यात बाहेरची मॅच होती, तिथेही गेले होते मी – हो, एकटी, गाडी चालवत. ते कॉलेज पहिल्याच डिव्हिजनचं ना? तिथले पालक तंबू ठोकून आख्खं डुक्कर भाजत होते, आणि त्यांचा कोच रांगेत उभा होता, प्लेट घेऊन! त्यांना नाही कुणी हटकत. मग मलाच का? कुणी पाठवलं तुम्हाला? अध्यक्षांनी? – कोचने? – नाही? मग कुणी? नाव सांगा.

कोण?

टेसा आली होती? तुमच्या ऑफिसात? स्वतः?

काय म्हणाली? – खिडकीतून मी दिसते. बरं. – दर शनिवारी मागच्या दाराने जावं लागतं तिला. – पुढे? काहीतरी म्हणाली असेल की अजून. – आईला माझं नाव सांगू नका. डिव्हिजनचा नियम आहे, असं सांगा.

असं म्हणाली.

…नाही, मला काही होत नाहीये. धूर गेला डोळ्यात. मुली येतील आता, वाढायचंय मला. आजच्या दिवस वाढते. तुम्ही जा. आणि ती भेटली तर – भेटेलच, विचारायला येईल ती – तर सांगा, आई भांडली नाही. नियम म्हटल्यावर लगेच ऐकलं तिने. जा.