ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत

मंडळी, एक सांगा. देवळात बसलेला माणूस देवापुढं असतो का? बरं, ते राहू द्या. घरात बसलेला माणूस तरी घरात असतो का? — माना डोलवू नका! आधी ऐका.

हुपरी, चांदीचं गाव. तिथल्या एका कारखान्यात हिंदुराव पैंजणांचे नमुने करायचा. नवा जोड झाला की घरी आणायचा, बायकोला घालायला द्यायचा. मालन ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत चालायची आणि हा भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून ऐकायचा. "डावा जास्त बोलतोय," म्हणायचा, आणि एक घुंगरू काढायचा. हातानं हलवला तर तो खुळखुळा. पाऊल पडलं तर पैंजण!

मग निघाला फोनवर कारखान्याचा ग्रुप. सकाळी टिंग! जेवताना टिंग! शेठ लिहिणार, "नवीन काय?" लगेच उत्तर पाहिजे — "ओके शेठ." जरा उशीर झाला की, "हिंदुराव झोपले काय?" मंडळी, माणूस संडासात फोन घेऊन जायला लागला! हसताय? खिसे चाचपा आपापले.

जुनेच नमुने इकडचे तिकडं करून द्यायला लागला. नवं सुचणार कधी?

मालन मात्र चालायची. "अवो, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय, ऐकतोय." — बोट काचेवरच!

शेवटी तिनं ओट्यापाशी उभं राहून आपल्या फोनवरून त्यालाच निरोप धाडला, "पैंजण घालून चालतेय. ऐका."

ह्याचं उत्तर गेलं — "ओके शेठ."

खळखळून हसली ती. "शेठ झाले की वो मी!" म्हणाली. पैंजण काढून फळीवर ठेवले. परत काही घातले नाहीत.

पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं. गेली.

तेरावं झालं. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. त्याखाली शेठ — "लग्नसराईचा नमुना कधी?"

हिंदुरावानं फोन पिठाच्या डब्यात घातला, झाकण दाबलं. फळीवरचा जोड काढला. हातानं हलवला — खुळखुळा! तिचं पाऊल कसं पडायचं? आठवेना. चेहरा आठवतो, हसणं आठवतं. पाऊल? छे!

दार लावून घेतलं. एवढा बाप्या माणूस — पैंजण पायाला पुरेनात, दोऱ्यानं बांधले. चालला, ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत. वाजले की! पण भिंतीपाशी कोण? चालणारं एक लागतं, ऐकणारं एक. घरात होता एकटाच.

उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "मालन, ऐकतीस न्हवं?"

पिठाच्या डब्यात टिंग झालं.

मंडळी, आता देवाचं नाव घेऊ आणि उठू. उठताना तुमच्याबरोबर कोण उठतंय, तिकडं कान द्या. गुडघ्यावर हात ठेवून उठेल, चपला शोधेल, चालायला लागेल. ते पाऊल ऐका — फुकट आहे, आज आहे!

कुणाचा फोन वाजतोय तो मागं? — वाजू दे, बाबा. ती पुढं निघाली बघ.